न्हाव्याची दाढी

“ती खुर्ची कुठे निघाली?” मी विचारलं.

“शाळेत,” फर्मिन म्हणाला. आवाज खुर्चीच्या खालून आला. तो आणि शेजारचा रुफो मिळून खुर्ची दुकानाच्या दारातून बाहेर काढत होते आणि ती अर्धी आत, अर्धी बाहेर अशी अडकली होती. लोखंडी खुर्ची आहे ती. गोल फिरते, पाठ मागे कलते. फर्मिनच्या वडिलांनी घेतली तेव्हा चौघांनी उचलून आणली होती म्हणतात. आता ती रुफोच्या तीनचाकीत, बाजूच्या डब्यात बसवायचा बेत चालला होता.

“शाळेत कशाला?”

“केस कापायला.”

मी कपाळाला हात लावला. वादळ होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. नदीकाठची सगळी वस्ती पुरात गेली होती आणि तिथली माणसं शाळेच्या वर्गांत राहत होती. आमचं घर चढावर, म्हणून आमचे फक्त दुकानावरचे पत्रे उडाले. जो तो काही ना काही घेऊन शाळेकडे धावत होता. नूडल्सची खोकी, सार्डिनचे डबे, तांदूळ, कपडे. कपडे तर इतके आले की त्यात लग्नाचा एक पांढरा झगासुद्धा निघाला, आणि पूरग्रस्त बायका एकमेकींच्या अंगाला तो लावून बघत हसत सुटल्या. मी रोज सकाळी भाताचं मोठं पातेलं पोचवत होते. फर्मिन नुसता घरात येरझाऱ्या घालत होता. आपण काय न्यावं हे त्याला सुचत नव्हतं, आणि सुचलं तर हे.

“लाकाय, लोकांची घरं गेली, डुकरं गेली, उभं भात गेलं. आणि तुला त्यांच्या केसांची पडलीय?”

लाकाय म्हणजे म्हातारा. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मी त्याला लाकाय म्हणते आणि तो मला बाकेत म्हणतो, म्हातारी. तेव्हा आम्ही विशीत होतो. आता खरेच तसे झालो आहोत, एवढाच काय तो फरक.

“बाकेत, तुला भात शिजवता येतो, तू भात नेतेस,” तो खालूनच म्हणाला. “मला जे येतं ते मी नेतो. चिखलाच्या पाण्यातून आलीत माणसं. पोरांच्या डोक्यात उवा झाल्यात. आणि आता बोलत बसू नकोस, जरा तो पाय धर खुर्चीचा!”

मी पाय धरला. काय करणार!

त्यानं खुर्ची शाळेच्या अंगणात झाडाखाली मांडली, आरसा खोडाला टांगला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि वाट बघत उभा राहिला. मी भात वाढून झाल्यावरही रेंगाळले. खरं सांगायचं तर त्याची फजिती बघायला रेंगाळले. बराच वेळ कोणी फिरकलं नाही. मग एक बाई तिच्या लेकीला दंडाला धरून घेऊन आली. पोरीच्या डोक्यात उवांचं गोकुळ भरलं होतं. फर्मिननं तिला खुर्चीवर चढवलं, एक गिरकी दिली आणि वाकून विचारलं, “बोला बाईसाहेब, कसे कापू?”

पोरगी खुदकन हसली. तिची आई मात्र तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून रडायला लागली.

तिला काय झालं ते मला आधी कळलंच नाही. मग कळलं. इतके दिवस या माणसांना जो तो काहीतरी देत होता. घ्या, धरा, रांगेत या, पुढे चला. तुम्हाला कसं हवंय, असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मला माझ्या पातेल्याची लाज वाटली, कारण मीही डावानं भात उचलून प्रत्येकाच्या थाळीत आपटत होते. दुसऱ्या दिवसापासून मी विचारायला लागले, कोरडा देऊ की रस्सा घालू? रांग हळू सरकायची, पण बायका माझ्याशी बोलायला लागल्या.

फर्मिनच्या खुर्चीपुढे तर जत्रा भरली. म्हातारे, पोरं, बाया. कोणी केस कापायला, कोणी दाढीला, कोणी नुसतं फिरत्या खुर्चीत बसायला. घरी आला की तो जेवताना मला एकेकाच्या डोक्याची हकिगत सांगायचा. इतका खूश मी त्याला आमच्या थोरलीच्या लग्नानंतर पाहिला नव्हता.

मग तातांग दोरो आले. वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे तातांग म्हणतात, आणि थोरल्या भावासारख्याला मनोंग.

दुपार कलत होती, गर्दी नव्हती. साठीच्या पुढचा एक माणूस वर्गातून बाहेर आला, सरळ खुर्चीत बसला आणि कोणी काही बोलायच्या आत झोपी गेला. केसांत चिखल वाळून बसलेला, गालांवर खुंट वाढलेले. नदीपलीकडच्या काही लोकांना होडीनं आणून आदल्या रात्रीच या शाळेत ठेवलं होतं, त्यांतला हा. आमच्या ओळखीचा नव्हता. फरशीवर पुठ्ठा टाकून झोपणाऱ्या माणसाला गादीची खुर्ची मिळाली, तो झोपणारच.

आता फर्मिनला एका गोष्टीचा भारी अभिमान. झोपलेल्या गिऱ्हाइकाची झोप न मोडता केस कापावेत ते त्यानंच. दुकानातसुद्धा कोणी घोरायला लागला की हा मला खिडकीतून खुणावून दाखवतो. त्यानं हळूच टॉवेल त्या माणसाच्या गळ्याशी खोचला, मानेमागचे केस ओले केले आणि कात्री चालवली. एकदा, दोनदा, तीनदा. मुठीएवढा एक झुबका खाली पडला.

वर्गाच्या दारातून एक बाई ओरडतच धावत आली. “मनोंग, थांबा! हात लावू नका त्यांच्या केसांना! त्यांची बायको सापडली नाहीये अजून!”

कात्री जागच्या जागी थांबली.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याला माती देईपर्यंत घरचं कोणी अंघोळ करत नाही, डोक्याला फणी लावत नाही. केसांना कात्री लावायचं तर नावच नको. माती दिल्यावर नदीवर जायचं. तिथे वयस्क बायका पेंढा जाळतात, त्याची राख पाण्यात कालवतात, उसाची दारू घालतात आणि त्या पाण्यानं घरच्यांची डोकी धुतात. मग दुखवटा फिटला, माणूस माणसांत आला. हे सगळं फर्मिनला ठाऊक होतं. बायको वाहून गेल्याचं तेवढं ठाऊक नव्हतं. पाणी चढताना ती, फेलिसा तिचं नाव, गोठ्यातली डुकरीण सोडायला मागे फिरली, आणि नदीनं काठच तोडून नेला. लोक अजून तिला शोधत होते.

गलक्यानं तातांग दोरो जागे झाले. त्यांनी फर्मिनच्या हातातली कात्री पाहिली. मग हात मागे नेऊन बोटांनी डोकं चाचपलं.

“कापलेत?”

“तातांग, मला माहीत नव्हतं. देवाशपथ, मला...”

“तिला मातीसुद्धा मिळाली नाही अजून,” ते म्हणाले. रागानं नाही. नुसतं सांगितल्यासारखं. टॉवेल काढून त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवला आणि वर्गात निघून गेले.

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. फर्मिननं तो झुबका मातीतून वेचून घेतला आणि झाडाच्या मुळाशी पुरला. त्या दिवशी त्यानं दुसऱ्या कोणाच्याही डोक्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आरशापुढे वस्तरा घेऊन बसला. माझ्या माहितीत एक दिवस त्यानं दाढी चुकवली नाही. न्हाव्याचा चेहरा म्हणजे दुकानाची पाटी, असं त्याचे वडील म्हणायचे. बसला, बसला, आणि वस्तरा मिटून ठेवला.

“काय झालं?”

“त्यांचा दुखवटा मी मोडला, बाकेत. आता निदान त्यांच्याबरोबर धरतो.”

“ती बाई तुझी कोण?”

“कोणी नाही.”

“मग किती दिवस?”

“ते डोकं धुतील तोवर.”

“आणि अंघोळ?”

तो विचारात पडला. मी म्हटलं, “अंघोळ सोडलीस तर मी माझ्या बहिणीकडे राहायला जाईन. आताच सांगते.”

“अंघोळ करीन,” तो घाईघाईनं म्हणाला.

दाढी वाढवणार म्हणजे काय, तर आमच्याकडच्या पुरुषांना ती येणार किती! हनुवटीवर मोजून मूठभर केस, तेही वाट फुटेल तिकडे गेलेले. डोक्यावरचं रान मात्र माजलं. कानावर आलं, मानेवर उतरलं. शाळेत खुर्ची मांडून हा इतरांची डोकी चकाचक करायचा, आणि लोक याच्याकडे बघून पोट धरून हसायचे. “मनोंग फर्मिन, सगळ्या गावात तुम्हाला एक न्हावी मिळेना का?” रुफो तर रोज नवीन नाव ठेवायचा. फर्मिन कोणाला कारण सांगायचा नाही. मलाही सांगू द्यायचा नाही. “वस्तऱ्याची धार गेलीय,” म्हणायचा आणि त्याच वस्तऱ्यानं पुढच्या माणसाची दाढी करायचा.

रात्री उशीवर मला ते केस टोचायचे. पण खोटं कशाला बोलू, मला तो तेव्हा फार आवडायचा.

शोध थांबला. शाळा पुन्हा भरायला हवी होती, म्हणून माणसं पांगली. कोणी नातलगांकडे गेली, कोणी आपल्याच जागेवर ताडपत्री बांधून राहिली. तातांग दोरो आपल्या शेताच्या बांधावर जाऊन राहिले. लसणाचं शेत त्यांचं. नवराबायको दोघंच होती, मूलबाळ नव्हतं. चर्चमधले फादर स्वतः जाऊन सांगून आले, की मिस्सा करू, चर्चमागे जागा देतो, क्रूस लावू. तातांग नाही म्हणाले. अंघोळ नाही, फणी नाही. जीपमध्ये त्यांच्या शेजारी कोणी बसेना. बाजारात बायका त्यांना बघून नाकाला रुमाल लावायला लागल्या, मग वाट बदलायला लागल्या. असा माणूस हळूहळू माणसांतून उठतो. फर्मिनला त्याचीच धास्ती होती. “ते असेच राहिले तर मी त्यांना कायमचं असं करून ठेवलं,” तो म्हणायचा. तसं नव्हतं, नदीनं केलं होतं ते. पण त्याला पटायचं नाही.

दुकान बंद असलं की तो हातोडी आणि आमचे उडालेले, वाकलेले पत्रे घेऊन त्यांच्या बांधावर जायचा. झोपडी उभी करायची होती. तातांग त्याच्याशी बोलत नसत. हा खांब धरायचा, ते ठोकायचे. ते दोरी ओढायचे, हा गाठ मारायचा. मी बरोबर दिलेला डबा दोघं तोंडं दोन दिशांना करून खायचे. एके दिवशी फर्मिन घरी आला तो दारातूनच सांगत आला.

“आज बोलले!”

“काय?”

“म्हणाले, तुमच्या घरी कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही. तर म्हणाले, मग हे काय? आणि माझ्या केसांकडे बोट केलं.”

“मग तू?”

“मी म्हटलं, त्या दिवशी मी तुमचे कापले ना, म्हणून.”

“आणि ते?”

“ते काय, माझ्याकडे बघत राहिले. बघता बघता ठोकत होते, तर खिळा वाकला.” फर्मिन पायरीवर बसला. “मग मी दुसरा दिला.”

त्यानंतर थोड्या दिवसांनी तातांग दोरो आमच्याकडे आले. फर्मिनची हातोडी परत द्यायला आले होते. फर्मिन दुकानात गिऱ्हाइकात गुंतला होता. मागच्या दाराशी उभे राहून त्यांनी हातोडी पुढे केली. वास येत होता, नाही म्हणणार नाही. “आत या, तातांग,” मी म्हटलं. “पाणी तरी घ्या.”

“मी असा...”

“माझ्या स्वयंपाकघरात याहून वाईट वास येतात. मासळी खारवते मी. या.”

ते उंबऱ्याच्या आत एक पाऊल आले आणि थांबले. ते चुलीच्या वर बघत होते. तिथे धुरात माझ्या लसणाच्या जुड्या टांगलेल्या असतात. वर्षाचा लसूण मी हंगामात एकदाच घेते. आता दोनच जुड्या उरल्या होत्या.

“या कुठून घेतल्यात?”

“बाजारातून. नदीपलीकडून एक बाई आणते, तिच्याकडून...”

ते जवळ गेले. हात लावला नाही, नुसतं बोटानं दाखवलं. “पाती अशी दोनदा फिरवून आत खोचायची ती. सगळ्या बायका एकदाच फिरवतात. मी म्हणायचो, उगाच वेळ घालवतेस. तर म्हणायची, माझी जुडी सुटायची नाही.”

कित्येक वर्षं मी त्या बाईकडून लसूण घेत होते. तिचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. भाव तेवढा विचारला होता. शाळेत तिच्याबद्दल इतकं ऐकलं, पण फेलिसा म्हणजे ती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पुढचा एक दात नसलेली, हसताना तोंडावर हात घेणारी, ठेंगणी. मला ती लख्ख आठवली. तातांगना मी तिचा दात सांगितला, तिचं हसणं सांगितलं, तिची निळ्या किनारीची टोपी सांगितली. ते माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकत होते.

“तुम्हाला लुटलं का हो तिनं?” त्यांनी विचारलं.

“भरपूर!” मी म्हटलं. “एक छदाम सोडायची नाही. आणि पाठ फिरवली की मागून हाक मारून एक गड्डा जास्तीचा पिशवीत टाकायची.”

तातांग दोरो हसले. हसण्याचा आवाज आला खरा, पण तो शेवटपर्यंत हसण्याचा राहिला नाही. मी चुलीकडे तोंड केलं. आमच्या दोघांच्या मध्ये ती बाई उभी असावी असं मला वाटलं.

ते म्हणाले, “माझ्याकडे तिचं काहीच उरलेलं नाही. कपडा नाही, फोटो नाही, चप्पल नाही. फादर म्हणतात, माती देऊन टाका. पण पेटीत ठेवू काय? रिकामी पेटी पुरायची? ती काय कोणीच नव्हती?”

तेव्हा मला उलगडलं, हा माणूस हट्ट करत नव्हता. हा नुसता काहीतरी मिळण्याची वाट बघत होता.

मी स्टूल ओढलं, वर चढले आणि दोन्ही जुड्या काढून त्यांच्या हातात दिल्या. एक ठेवून घ्यावी असं क्षणभर मनात आलं होतं, नंतर त्या विचाराची लाज वाटली. त्यांनी धुरानं काळी झालेली ती पाती अंगठ्यानं पुसली, दोनदा फिरवलेली गाठ चाचपली आणि दोन्ही हातांत धरून ते दुकानाच्या बाजूला गेले. फर्मिन गिऱ्हाइकाला तसंच साबण फासलेलं सोडून बाहेर आला.

पेटी रुफोनं केली. छोटीच, पण रंधा मारून, कोपरे जुळवून. चर्चमागे माती दिली. शाळेत एकत्र राहिलेल्या बायका आल्या होत्या, माझ्या रांगेतल्या, फर्मिनच्या खुर्चीतल्या. पेटीत काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाच्याही तोंडावर हसू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर गेलो. नदी एवढीशी झाली होती, पोरांना पार करता येईल एवढी. तिच्याकडे बघून मला संताप आला. बायकांनी पेंढा जाळला, राख कालवली, दारू ओतली. तातांग उथळ पाण्यात गुडघे टेकून बसले आणि एका म्हातारीनं त्यांचं डोकं धुतलं. चिखलाचे गोळे सुटून वाहायला लागले. खूप वेळ लागला. धुऊन झाल्यावर म्हातारीनं भांडं पुन्हा भरलं आणि विचारलं, “घरचं अजून कोण आहे?”

फर्मिन काठावर माझ्याशेजारी उभा होता. त्यानं खाली बघितलं.

“तो,” तातांग दोरो म्हणाले. “तो घरचाच आहे.”

फर्मिन कपड्यांसकट पाण्यात उतरला. म्हातारीचे हात दमले होते, म्हणून त्याच्या डोक्यावर पाणी मी ओतलं. तो रडत होता की राख डोळ्यांत गेली होती ते त्यालाच ठाऊक.

मग तिथेच दगडावर बसवून फर्मिननं त्यांचे केस कापले, दाढी केली. मानेमागचा तो कापलेला भाग एव्हाना इतका वाढला होता, की मी शोधला तरी सापडेना. उठल्यावर तातांगनी फर्मिनपुढे हात केला. “वस्तरा द्या इकडे.”

“तुम्हाला येते दाढी करता?”

“बसा गुमान.”

आयुष्यात पहिल्यांदा फर्मिननं आपली हनुवटी दुसऱ्याच्या हातात दिली. दोन ठिकाणी कापलं. तरी तो हनुवटी वर करून बसून राहिला.

त्या दिवशी तातांग दोरो आमच्याकडे जेवायला आले. दारात थांबले नाहीत, सरळ आत येऊन बसले. मी कोंबडी कापून अदोबो केला होता. तो खरं तर व्हिनेगरमध्ये भरपूर लसूण घालून शिजवायचा. घरात लसूण नव्हता आणि बाजारात जाऊन दुसऱ्या कोणाचा आणावा असं मला वाटलं नाही, म्हणून नुसत्या व्हिनेगरवर आणि मिऱ्यांवर भागवलं. पहिल्याच घासाला फर्मिनचं तोंड वाकडं झालं. माझ्याकडे बघून त्यानं ते सरळ केलं आणि मुकाट जेवायला लागला.

तातांगनी दोन घास खाल्ले. मग हात थांबवला.

“यात लसूण नाही.”

“नाही, तातांग.”

“लसणाशिवाय अदोबो म्हणजे काही खरं नाही,” ते म्हणाले. पुरानंतर त्यांनी केलेली ती पहिली तक्रार. “शेतात गाळ चांगला बसलाय यंदा. पुढच्या आठवड्यात लावायला घेतो. हंगाम आला की तुमचा वर्षाचा लसूण मी घरपोच आणून देईन.” ते भाताशी बोटं चाळवत राहिले. “पण जुडी मला बांधता येत नाही. तीच बांधायची.”

“सुटा आणा,” मी म्हटलं, आणि त्यांच्या थाळीत आणखी भात वाढला.